चन्नप्पाचे हवेतले तास

होटगी रोडला विमानतळाच्या अलीकडे एक पत्र्याची शेड होती. त्या शेडीत चन्नप्पा ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. विहिरीवरची, पिठाच्या गिरणीची, उसाच्या चरकाची. बैलगाडीतून इंजिन आलं की तो आधी त्याच्याभोवती एक फेरी मारायचा, कानावरची विडी काढून परत कानावर ठेवायचा आणि विचारायचा, "कुणी हात घातलाय ह्यात?" कुणीतरी घातलेलाच असायचा. मग त्या माणसाचा उद्धार करत करत तो नट सोडवायला बसायचा. काम चोख. मजुरी खोलायची वेगळी आणि जोडायची वेगळी. खोलायलाही अंगच मोडतं, असं त्याचं म्हणणं.

शेडीमागे काटेरी तारेचं कुंपण आणि पलीकडे धावपट्टी. तिथं फ्लाइंग क्लबचं एक विमान होतं. पुष्पक. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील एवढंच. पंखांवर कापड ताणलेलं, शेपटीखाली चिमुकलं चाक. इंजिन सुरू करायचं तर पुढचा पंखा हातानं जोर लावून फिरवायचा. चन्नप्पानं ते कितीतरी वर्षं कुंपणाअलीकडूनच बघितलं होतं.

एकदा धावपट्टीवर रोलर ओढणारा क्लबचा जुना ट्रॅक्टर बंद पडला. चन्नप्पानं तो चालू केला. तो परत पडला, ह्यानं परत केला. क्लबकडं द्यायला रोकड कमी. शिकवणारे कॅप्टन महिपतराव वायुदलातून निवृत्त झालेले. त्यांनीच एकदा विचारलं, "मजुरीच्या बदल्यात उडायला शिकतोस का?"

चन्नप्पानं विडी कानावरून काढली, परत ठेवली. "बगू की," म्हणाला.

घरी बायकोला, गुरम्माला, सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"वर गेल्यावर इंजिन बंद पडलं तर?"

"मीच दुरुस्त करनार की."

"वर?"

चन्नप्पानं आणखी एक भाकरी मागितली.

तर हे असं सुरू झालं. आणि सुरू झालं तसं रमतगमत चाललंही असतं. पण मध्ये मेव्हणा आला.

गुरम्माचा थोरला भाऊ सिद्रामप्पा वैरागचा. भुसार मालाचं दुकान, पोट पुढं, आवाज त्याच्याही पुढं. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला दरवर्षी सोलापुरात बहिणीकडं यायचा. चन्नप्पा जत्रेतल्या काठीचा माणूस. काठी म्हणजे सिद्धेश्वराचा नंदीध्वज. दुमजली घराच्या वर जाईल एवढी उंच, सजवलेली, जड. ती कमरेच्या पट्ट्यातल्या खोबणीत उभी धरून एकट्यानं चालायचं. दमला की दुसरा पट्टा बांधून घेणार. आजूबाजूला हात लावायला गर्दी असते, पण तोल त्या एकट्याचा. चन्नप्पाच्या बापानं ती पेलली, मग चन्नप्पानं.

चौऱ्याहत्तर सालच्या गड्ड्यानंतर घरात पाहुण्यांची पंगत बसली होती. शेंगापोळी झाली, खव्याची पोळी झाली. सिद्रामप्पानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "दाजी, औंदा काठी लई जड हुती की."

"तुमाला काय ठावं?" चन्नप्पा म्हणाला.

"काय ठावं? मी पेलली न्हव का! बाळीवेशीपासनं."

"पट्टा कुनाच्या कमरंला हुता?"

"पट्टा तुमच्या कमरंला हुता. हात माजा हुता."

"हात तर शंभर जनांचं असत्यात. फुगं इकनाऱ्यानंबी मगाशी लावला. पट्टा ज्याच्या कमरंला, त्यानं पेलली. बाकीचं नुस्तं चालत्यात."

पंगत हसली. सिद्रामप्पाच्या सासुरवाडीचे दोघं पंगतीत होते, तेही हसले. सिद्रामप्पाचा चेहरा पडला. वैरागच्या बाजारात तो आठ दिवस हीच कहाणी सांगणार होता, ती बहिणीच्या घरातच फुटली. त्यानं घास गिळला आणि उलटा डाव टाकला.

"आनि तुमी वो, दाजी? विमान शिकतो म्हनता. कॅप्टन शेजारी बसतो. मंग विमान चालवतं कोन? तुमी का हात लावता?"

आता पंगत जास्त हसली. गुरम्मासुद्धा.

चन्नप्पाला ते लागलं. "फुडच्या गड्ड्याच्या आत लायसन काडतो," तो म्हणाला. "गुरम्माला शेजारी बसवून वैरागावरनं जातो. तुमच्या दुकानावरनं. धोतर संबाळा."

"आनि न्हाय जमलं तर?"

"तुमी म्हनाल ते."

"मंग भर गड्ड्यात, समद्यांम्होरं, मोट्यानं म्हनायचं. सिद्रामप्पानं काठी पेलली."

चन्नप्पानं हो म्हटलं. आयुष्यात त्यानं पाना सोडून दुसऱ्या कशावर इतकी घट्ट मूठ आवळली नव्हती.

उडायला शिकणं त्याला जड गेलं नाही. जड गेलं ते वेळ लिहिणं. विमान शिकणाऱ्याकडं एक लॉगबुक असतं. किती वेळ उडाला, कुणाबरोबर, ते त्यात लिहायचं. ठरलेला वेळ भरल्याशिवाय मुंबईचा तपासनीस परीक्षा घेत नाही. पहिल्या दिवशी चन्नप्पानं शेडीतल्या तेलकट हातानं नीट अक्षरात नोंद केली आणि वही कॅप्टनसमोर ठेवली. कॅप्टन चहा पीत होते.

"हे काय? तू उडालास आठनंतर. इथं सातपासून वेळ धरलाय."

"सातला हँगरमधनं भाईर ढकललं की. मी आनि येडू." येडू म्हणजे क्लबचा म्हातारा मदतनीस. "मंग पंखा फिरवला. धा बारा डाव फिरवला, तवा इंजिन लागलं."

"ढकलण्याचा वेळ धरत नाहीत."

"का वो? घाम तर तितंच निगाला. वर तर मी बसूनच हुतो."

कॅप्टनांचा चहा नाकात गेला. खोकून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि बोटांवर मोजत सांगितलं. विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर, उडण्यासाठी म्हणून हललं की वेळ सुरू. उतरून जागेवर थांबलं की वेळ बंद. शेजारी शिकवणारा असला तर तो शिकण्याचा वेळ. एकटा असलास तर एकट्याचा. नुसता पाहुणा म्हणून बसलास, तर काही नाही. लिहायचं शाईनं, त्याच दिवशी. चुकलं तर खोडरबर चालत नाही. एक आडवी रेघ, शेजारी सही, आणि खाली खरं ते.

"इंजिनाच्या जोरावर, चन्नप्पा. तुझ्या नाही."

चन्नप्पानं रेघ मारली. पण हा हिशेब त्याला शेवटपर्यंत पटला नाही. अंग मोडतं ते धरायचं नाही आणि बसायचं ते धरायचं, असला कायदा कुठल्या तरी खुर्चीतल्या माणसानं केला असणार, असं तो येडूला म्हणायचा. येडूला ते पूर्ण पटायचं.

उन्हाळ्यात एक दिवस कॅप्टन चालत्या इंजिनातून उतरले, दार लावलं आणि म्हणाले, "जा एकटा." चन्नप्पा गेला. कॅप्टन धिप्पाड होते. त्यांचं वजन गेल्यावर विमानानं जमीन अशी सोडली की चन्नप्पाच्या तोंडून शिव शिव निघून गेलं. वरून त्याला आपली शेड दिसली. पत्र्यावर तो शोधत असलेला मोठा पाना पडलेला होता. उतरल्यावर कॅप्टनांनी विचारलं, कसं वाटलं? "पाना घावला," तो म्हणाला.

त्या दिवसापासून एकट्याचा वेळ भरायला लागला. पण त्या वर्षी पेट्रोलची तंगी होती. क्लबला मोजून मिळायचं, क्लब मोजून द्यायचा. पावसाळ्यात उड्डाणं बंद. दिवाळी गेली. मार्गशीर्ष उजाडला तेव्हा एकट्याचे दोन-अडीच तास अजून कमी होते. तपासनीस संक्रांतीच्या आधी एकदाच येणार होता, आणि चन्नप्पाच्या वाट्याला उरलेल्या पेट्रोलात वर तासभर उडणं होईल, न होईल.

इकडं गुरम्मानं वैरागला निरोप धाडलेला. तिची आई चंद्रव्वा नवं इरकल नेसून माळवदावर उभी राहणार होती. सिद्रामप्पा दुकानात बसून गिऱ्हाइकाला म्हणायचा, "वर बगून चाला, आमचं दाजी येनार हायेत," आणि डोळा मारायचा. हे सगळं चन्नप्पाच्या कानावर यायचं.

तो शेडीत उकिडवा बसून विचार करत होता. विचार करता करता त्याच्या डोक्यात उजेड पडला. वर उडताना इंजिन पेट्रोल पितं. जमिनीवर हळू चालताना नुसतं चाटतं. आणि कायदा काय म्हणतो? विमान इंजिनाच्या जोरावर हललं की वेळ सुरू. किती जोरात हललं, हे कायद्यानं कुठं विचारलंय?

विडी कानावरून निघाली आणि त्या दिवशी पेटलीसुद्धा.

ठरल्या सकाळी कॅप्टनांनी त्याला एकट्यानं उडायची परवानगी दिली आणि स्वतः ऑफिसात टेलिफोनला चिकटले. मुंबईला ट्रंक कॉल लावायचा होता, तपासनिसाचा दिवस पक्का करायला. ट्रंक कॉल म्हणजे अर्ध्या दिवसाची निश्चिंती. ऑफिसचं दार पलीकडच्या बाजूला. चन्नप्पाला हेच हवं होतं.

येडूनं पंखा फिरवला, चाकापुढचे ठोकळे काढले. विमान हललं. चन्नप्पानं घड्याळ बघितलं आणि इंजिन मुंगीच्या चालीवर ठेवलं.

एरवी विमान धावपट्टीच्या टोकाला झपाझप जायचं. त्या दिवशी ते वरातीसारखं निघालं. वारा आडवा होता म्हणून पंखाच्या टोकाला धरून येडू बरोबर चालत होता. टोक आलं. आता वळून उडायचं. चन्नप्पा वळला आणि उडायच्या ऐवजी परत दुसऱ्या टोकाकडं चालू लागला.

"आन्ना, उडनार न्हवं?" येडूनं ओरडून विचारलं.

"उडनार की! त्या टोकावरनं!"

त्या टोकावरून तो ह्या टोकाला निघाला.

कुंपणाच्या आत गवत कापायचा मक्ता मायाक्काकडं होता. विळा, भारा आणि बरोबर एक म्हैस. तिनं विमान एकदा जाताना बघितलं, एकदा येताना बघितलं. तिसऱ्यांदा तिनं विळा टेकवला.

"चन्नप्पा, मोडलं काय रं?"

"न्हाय!"

"मंग उडवत का न्हाईस?"

"उडवतोयच की!"

"बरं बरं. माजी म्हस म्होरं गेली बग. तिला वाट सोड."

म्हैस खरोखर पुढं गेली होती. चन्नप्पानं तोंड फिरवलं आणि घड्याळ बघितलं. छान भरत होतं.

येडूचे पाय मात्र भरून आले. "आन्ना, मी आत बसू का जरा? एवडी जागा रिकामी हाय."

"तू बसलास तर एकट्याचा येळ कसा म्हनायचा?"

"मंग माजा हा चालायचा येळ कोन धरतं?"

"कोन न्हाय."

"सरकारचं चुकलंय," येडू म्हणाला आणि चालत राहिला.

एवढ्यात चन्नप्पाच्या नाकाला वास आला. तापलेल्या तेलाचा. हे इंजिन पाण्यावर थंड होणारं नव्हतं. ते वाऱ्यावर थंड व्हायचं, आणि मुंगीच्या चालीनं चालताना त्याला वारा मिळत नव्हता. तेलाच्या घड्याळाचा काटा चढला होता. चन्नप्पानं आजवर कितीतरी शेतकऱ्यांना हासडलं होतं, इंजिन नुसतं तापवत ठेवलं म्हणून. एकाला तर शेडीतून हाकलला होता. त्याला स्वतःच्या कानात स्वतःचाच आवाज ऐकू आला. तो वळला, जोर दिला, उडाला. वरच्या गार वाऱ्यात काटा खाली आला. एक फेरी मारून तो उतरला आणि हँगरपाशी येऊन थांबला.

घड्याळाप्रमाणं दोन तास भरून वर काही निघत होतं. हवेत त्यातला कितीसा गेला होता? चहा निवायला लागेल तेवढा. त्यानं मांडीवर वही घेऊन सगळा वेळ शाईत लिहून टाकला. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

खाली उतरला तर लिंबाच्या पारावर कॅप्टन बसलेले. ट्रंक कॉल त्या दिवशी नेमका लवकर लागला होता. आणि कॅप्टनांच्या शेजारी, पिशवीतून भाजक्या शेंगा काढून फोडत, सिद्रामप्पा. बाजाराला आला होता. दाजींचं कुठवर आलंय ते बघायला वाट वाकडी केली होती. पाराखाली टरफलांचा चांगला ढीग झाला होता. म्हणजे बसून बराच वेळ झाला होता.

"दाखव," कॅप्टन म्हणाले.

चन्नप्पानं वही दिली.

कॅप्टनांनी वाचलं, परत वाचलं. "इंजिन तापवलंस."

"व्हय." त्यानं मान खाली घातली. ते एक तो नाकारणार नव्हता. "पर येळ कायद्यात बसतो की. इंजिनाच्या जोरावर हललं. उडन्यासाठीच हललं. शेवटी उडालंबी."

"ओढून ताणून बसतो," कॅप्टन म्हणाले. "तू शब्द धरून भांडलास तर मी हरेन. एवढा पगार मला भांडायला मिळत नाही. सही मी करतो." त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. "फक्त तपासनिसानं विचारलं, की एवढा वेळ तू एकट्यानं विमान उडवलंस का, तर काय सांगशील तेवढं सांग. म्हणजे आपलं दोघांचं बोलणं जुळेल."

चन्नप्पानं तोंड उघडलं. कायद्यात बसणारं उत्तर त्याच्याकडं तयार होतं. पण बोलला सिद्रामप्पा. तोंडात शेंगा, आवाज साखरेसारखा.

"सांगा की, दाजी. त्यात काय लाजायचं? मीबी न्हाय का चाललो काठीसंगं? बाळीवेशीपासनं. हात लावून."

मग येडू हसला. तो पाय चोळत जमिनीवर बसला होता. तिथंच आडवा होऊन हसला. दूर कुंपणापाशी मायाक्काला काही ऐकू गेलं नव्हतं, पण हसणं बघून तीही हसली.

चन्नप्पा उभा होता तसा उभा राहिला. मेव्हण्याचं थोबाड रंगवावं असं एकदा वाटलं. पण मेव्हणा जे बोलला ते चन्नप्पाचंच होतं; शब्दसुद्धा त्याचेच. पट्टा ज्याच्या कमरेला, त्यानं पेलली. बाकीचे चालले. आणि आज तो चालला होता. म्हशीच्या मागं.

त्यानं कॅप्टनांच्या हातातून पेन घेतलं. नोंदीवर आडवी रेघ मारली, सही केली. खाली एक फेरी आणि टोकापर्यंतचं नेहमीचं जाणं-येणं, एवढंच लिहिलं. वही परत दिली.

"आता करा सही."

कॅप्टनांनी केली. मग शेंगांची पिशवी सिद्रामप्पाच्या हातातून काढून चन्नप्पाकडं सरकवली.

तपासनीस आला आणि गेला. चन्नप्पाचा वेळ भरला नव्हता, त्यामुळं त्याची परीक्षा झाली नाही. उडाले ते दुसरे. पैजेचा निकाल लागला होता.

गुरम्मा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ते बोलली नसती तर बरं झालं असतं.

"अव्वा इरकल नेसून बसली हाय. काय सांगू तिला?"

"पेट्रोल न्हाय म्हनून सांग."

"पेट्रोल हुतं. तुमी ते म्हशीच्या मागं जाळलं."

मायाक्कानं गवताबरोबर ही बातमीही घरोघर पोचवली होती.

गड्डा आठवड्यावर आला. गल्लीत संध्याकाळी सरावाची काठी निघायची. सजावट नाही, पण वजन तेच. सिद्रामप्पा ह्या वर्षी मुद्दाम लवकर आला होता, जिंकलेला माणूस येतो तसा. सराव बघायला ओट्यावर बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजी, घसा साफ ठिवा बरं. गड्ड्यात मोट्यानं म्हनायचंय."

"म्हनतो की," चन्नप्पा म्हणाला. "म्हननार म्हनलं म्हंजे म्हननार. पर खोटं म्हनायचं असं कुटं ठरलंय?"

"म्हंजे?"

"या हिकडं. पट्टा बांदतो."

सिद्रामप्पाचा हात आपोआप पोटावर गेला. "मी? न्हाय... आता जेवून आलोय."

पण गल्ली जमली होती. कुणीतरी "या की पाव्हनं!" म्हटलं, कुणीतरी त्याला काखेत धरून उठवलं. गुरम्मा दारात येऊन उभी राहिली. बहिणीसमोर मागं फिरणं त्याला जमेना. चन्नप्पानं स्वतःच्या हातानं पट्टा बांधला. पोटावरून फिरवताना पट्टा पुरेना. शेवटच्या भोकात बसला. बांधताना तो मेव्हण्याच्या कानात हळूच, शिकवायच्या आवाजात बोलला. "वर बगू नका. समोर बगा. गुडगं सैल. ती झुकंल तिकडं पाय टाका. तिच्याशी भांडू नका."

काठी खोबणीत उतरली. "हर्र बोला हर्र," गल्ली ओरडली.

"हात काडा," चन्नप्पा म्हणाला.

"नको! आसू द्या हात!" सिद्रामप्पा किंचाळला.

"समद्यांनी हात काडा. न्हायतर पेललेलं धरायचं न्हाय."

हात निघाले. सिद्रामप्पा एकटा उभा राहिला. आधी त्याचे डोळे मोठे झाले, मग गाल थरथरले, मग आख्खा माणूस. काठीचं टोक वर आभाळात हळूच डावीकडं गेलं. सिद्रामप्पानं डावीकडं पाय टाकला. ते उजवीकडं आलं. त्यानं उजवीकडं टाकला. अशी ती वरात मारुतीच्या देवळापासून निघाली, गटारीच्या काठानं गेली, एका उभ्या सायकलीला चुकवून पानपट्टीपर्यंत पोचली. तिथं काठीनं मान टाकली आणि वीस हातांनी ती झेलली. सिद्रामप्पा रस्त्यातच बसला. अंगातला सदरा घामानं चिकटला होता. बराच वेळ त्याला शब्द सुचेना, आणि वैरागचं कुणी हे सांगितलं तरी खरं मानणार नाही.

"दाजी," शेवटी तो म्हणाला, "तुमी ही कशी पेलता वो?"

चन्नप्पानं पट्टा सोडला आणि त्याची कमर चोळून दिली. जरा जास्तच जोरात.

गड्ड्याच्या दिवशी बाळीवेशीत, भर गर्दीत, चन्नप्पानं पट्टा बांधायच्या आधी घसा साफ केला आणि ओरडला, "आईका! आमच्या सिद्रामप्पानं काठी पेलली! सरावाची! मारुतीपासनं पानपट्टीपतुर! एकट्यानं!"

सिद्रामप्पा तिथं होता. कमरेला फडकं गुंडाळलेलं, वाकून चाललेला. एवढा नेमका तपशील ऐकून त्याला रागवावं की हसावं ते कळेना. मग कुणीतरी येऊन पाठीवर थाप मारली आणि त्याचा प्रश्न सुटला. त्या वर्षी तो काठीबरोबर चालला, पण हात लावला नाही. लांबून चालला. कुणी हात लावला की त्याच्याकडं बघायचा, ज्याला वजन ठाऊक आहे तसा.

पेट्रोलचं पुढं सैल झालं. चन्नप्पाचा एकट्याचा वेळ उन्हाळ्यात भरला, सगळा हवेतला. तपासनीस आला, त्यानं वही चाळली, आडव्या रेघेपाशी थांबला. "हे काय?" चन्नप्पा म्हणाला, "चाललो हुतो, सायेब. उडालो न्हाय." तपासनिसानं कॅप्टनांकडं बघितलं, कॅप्टनांनी धावपट्टीकडं. परीक्षा झाली. लायसन आलं.

लायसन आल्याच्या आठवड्यात चन्नप्पानं गुरम्माला शेजारी बसवलं. वैरागला निरोप गेला होता. येडूनं पंखा फिरवला. मायाक्कानं म्हैस मुद्दाम बाजूला घेतली आणि ओरडून सांगितलं की घेतली आहे. विमान उडालं. एकरुखचा तलाव उजवीकडं चमकला, मग रस्ता, मग काळी रानं. वैराग आलं. चन्नप्पानं विमान खाली आणलं, कायदा परवानगी देतो तेवढंच, आणि वळण घेतलं. माळवदावर हिरवं इरकल होतं. भुसाराच्या दुकानावर एक जाडा माणूस धोतराचा सोगा दोन्ही हातांनी हलवत होता. "ती बग अव्वा!" चन्नप्पा इंजिनावर आवाज चढवून ओरडला. "ते बग तुजं सिद्रामप्पा!" आणि त्यानं दुसरी फेरी मारली, पुरेपूर.

परत येऊन विमान थांबलं. गुरम्मा उतरली, पारावर बसली, पदरानं तोंड पुसलं.

"बगितलंस का म्हायार?" चन्नप्पानं विचारलं.

"न्हाय."

"न्हाय? दोन फेऱ्या मारल्या की!"

"डोळं मिटलं हुतं."

"कवापासनं?"

"चाकं हलल्यापासनं."

कॅप्टन पलीकडं बसून कागद चाळत होते. ते कागद चाळायचे थांबले.

चन्नप्पानं खूप समजावलं. विमान वैरागावरून गेलं, तू आत होतीस, अव्वानं बघितलं, आख्ख्या पेठेनं बघितलं, झालं की! गुरम्मानं ऐकून घेतलं. मग तिनं त्याच्या कानावरची विडी काढली, उलटी करून परत ठेवली आणि उठली.

"मिटलेला येळ धरायचा न्हाय," ती म्हणाली. "परत न्या."

चन्नप्पानं येडूकडं बघितलं. येडू आधीच पंख्याकडं निघाला होता.